पुढचा ब्रेक

सुरतच्या डिंडोलीत उतार म्हटला की रेल्वेवरचा पूल. बाकी सगळी तापीच्या गाळाची सपाट जमीन. खानदेशातून येऊन इथं स्थिरावलेल्या घरांत सायकल शिकणाऱ्या पोराला पहिली ताकीद मिळते ती एकच: पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील. ताकीद मायेपोटीच असते आणि सपाट रस्त्यावर, बेताच्या वेगात ती निभावूनही जाते. पण ज्यांच्या हाती आता गिअरची, जाड टायरची सायकल आली आहे, त्यांना सापुतारा आणि तोरणमाळ खुणावतात. तिथल्या खड्या पायवाटेवर हीच ताकीद जिवावर बेतू शकते, असं माझं ठाम मत आहे.

सायकल आणि स्वार मिळून १०० किलो धरू. उतार २० अंशांचा, म्हणजे १०० मीटर पुढे सरकताना ३६ मीटर खाली. अशा ठिकाणी खाली खेचणारी ओढ ३४ किलोंची भरते. कोरड्या मुरमावर टायरची पकड भाराच्या सहा दशांश मानली आणि फक्त मागचाच ब्रेक लावला, तर त्याचा रोध माझ्या हिशेबानं २० किलोंच्या आतच राहतो. उरलेली ओढ वेग वाढवत नेते. कुणी म्हणेल, कंबर मागे सरकवली की झालं. त्यानं फरक पडतो, नाही असं नाही. पण आकडा २५-२६ च्या पुढे जात नाही, आणि चाक जाम होऊन घसरू लागलं की तेवढाही उरत नाही. शिवाय घसरतं चाक सायकलीची शेपटी बाजूला फेकतं. वेग आवरून धरायचा तर पाऊणशे किलोंहून अधिक भार पुढच्या चाकावर येतो. पकड जिथं आहे तिथला ब्रेक वापरायचा नाही, हे कसं चालेल?

डोंगरउतारावर सायकल चालवण्याच्या या खेळाचा जन्मही याच अडचणीतून गेला आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियात टॅमलपायस डोंगराजवळ जुन्या, जाड टायरच्या सायकली उतरवण्याच्या शर्यती सुरू झाल्या. तीनेक किलोमीटरांत सुमारे ४०० मीटरांचा उतार. त्या सायकलींचा भरवसा मागच्या हबमधल्या, पायडल उलटं दाबून लागणाऱ्या ब्रेकवर. एका फेरीत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि ते पुन्हा भरावं लागे. शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडलं ते त्यावरूनच.

तोंडावर पडण्याची भीती मात्र खोटी नाही, तिला उत्तर द्यायलाच हवं. माणूस उलटतो तो ब्रेक पुढचा आहे म्हणून नव्हे. सीट उंच, हात ताठ आणि त्यात लिव्हर एकदम आवळलेली, म्हणून. सीट खाली, कंबर मागे आणि खाली, कोपर सैल, टाचा किंचित दाबलेल्या, लिव्हरवर एकच बोट आणि दाब हळूहळू वाढवत नेलेला, एवढं जमलं की तेच चाक सांभाळून नेतं. वेग कमी करायचा तो वळणाआधी, घट्ट जमिनीवर. सुट्या खडीत, ओल्या दगडावर किंवा डांगच्या जंगलात सागाच्या पानांचा थर असेल तिथं पुढची लिव्हर सैल सोडायची, कारण पानाखाली काय आहे ते दिसत नाही. म्हणून नजर चाकाजवळ नको, पुढच्या चार-पाच सायकलींच्या अंतरावर हवी. महागड्या सस्पेन्शननं हात कमी थकतात, पण चुकीच्या सवयीवर ते उपाय नाही. हेल्मेट आणि शाबूत ब्रेकपॅड यांवर तर वादच नको.

आणि यासाठी आधी डोंगर लागत नाही. डिंडोलीतला एखादा मोकळा, मातीचा प्लॉट पुरतो: खडूची एक रेघ, चालण्याच्या दुप्पट वेग आणि दर खेपेला थोडा जास्त दाब. फक्त सुरू करण्याआधी पुढचं चाक कुठली लिव्हर धरते ते पाहून घ्यावं. आपल्याकडच्या सायकलींत ती उजवीकडे असते. बाहेरून आलेल्या अनेक सायकलींत डावीकडे.