अकरा जणांची फेरिस्त

ज्याच्या हाती कसलीही सत्ता नाही, ज्याच्या सहीने एखाद्या शिपायाचीही बदली व्हायची नाही, असा मनुष्य वर्षातून काही संध्याकाळी देशाच्या क्रिकेटसंघाचा मुखत्यार होऊन बसतो आणि अकरा नावांची फेरिस्त तयार करतो, यात हसण्यासारखे पुष्कळ असले तरी मला त्याचे कधी हसू आले नाही. कारण मी ज्या घरात वाढलो त्या घरात ही फेरिस्त अत्यंत गांभीर्याने लिहिली जाई. सुरतेत नानपुऱ्याला आमचे बिऱ्हाड होते. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, कलेक्टर कचेरीत कारकून होते आणि मुंबई राज्याचे हे कारकून १ मे १९६० रोजी, बसायची खुर्ची न बदलता, गुजरात राज्याचे कारकून झाले. आपले कोण आणि परके कोण हा प्रश्न त्यामुळे आमच्या घरी राज्यपुनर्रचनेच्या हुकुमाने सुटलेला नव्हता. तो दर हिवाळ्यात संघनिवडीच्या निमित्ताने नव्याने उपस्थित होई.

अण्णांची लिहिण्याची रीतही कचेरीतलीच. निकामी झालेल्या छापील नमुन्यांचे पाठकोरे कागद ते जपून ठेवीत. त्यांवर पट्टीने तीन रकाने आखायचे, पहिल्यात अनुक्रमांक, दुसऱ्यात नाव आणि तिसऱ्या, सर्वांत रुंद रकान्यात ‘शेरा’. संघ रेडिओवर किंवा ‘गुजरातमित्र’मध्ये जाहीर होण्यापूर्वी यादी पुरी झाली पाहिजे असा दंडक होता, कारण निवड समितीची यादी बाहेर पडल्यानंतर जे लिहिले जाते त्याला ते मत न म्हणता तक्रार-अर्ज म्हणत. शेऱ्याच्या रकान्यात विशेषणांना मज्जाव होता. ‘उत्तम खेळाडू’ असा शेरा दिसला की तो लाल शाईने खोडला जाई. ‘डावखुरा, फलंदाजी करतो, नवा चेंडू टाकतो, गरज पडल्यास फिरकीही, सबब घ्यावा’ असे लिहिले तर मंजुरी मिळे. आणि सारे रकाने भरून झाले की चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहत ते विचारीत, “आपला म्हणून लिहिलंस, की चांगला म्हणून?”

वर दिलेला शेरा रुसी सुरतींचा. ते १९३६ साली सुरतेतच जन्मले, आडनावानेही सुरतेचे, आणि आमच्या ओट्यावर जमणाऱ्या मंडळींत त्यांच्याविषयी एका क्षणाचेही दुमत नव्हते. घड्याळे दुरुस्त करणारे एक पारशी गृहस्थ, एक गुजराती शाळामास्तर, पश्चिम रेल्वेचे एक मराठी गार्ड आणि अण्णा, अशी ही आमची निवड समिती, तिच्यापुढे कोणाचेही नाव निघण्याआधी पारशीबावा माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बोट करून म्हणत, “आपरो पोरियो छे, लखी नाख नी!” अण्णांना हे ‘आपरो’ मुळीच मानवत नसे. सुरतींना कोणी गरिबांचा सोबर्स म्हणत, आणि या उपाधीत स्तुती किती व कुत्सितपणा किती याचा काथ्याकूट कित्येक रात्री चाले. मग १९६७–६८ चा ऑस्ट्रेलियाचा दौरा आला. भारत चारही कसोट्या हरला. परंतु त्या धूळधाणीत सुरतींनी ३६७ धावा केल्या आणि २२ बळी घेतले. त्याच दौऱ्याच्या पुढच्या टप्प्यात न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला ते ९९ वर बाद झाले, आणि २६ कसोट्यांच्या कारकिर्दीत त्यांच्या नावावर शतक म्हणून काही लागले नाही. अण्णांनी तेव्हा त्यांचे नाव स्वतःच्या हाताने, शाईने लिहिले, आणि शेऱ्याच्या रकान्यात केवळ आकडे घातले.

सुरती पुढे क्वीन्सलंडकडून खेळू लागले. शेफील्ड शील्डमध्ये खेळलेले ते पहिले भारतीय. त्यामुळे ऑस्ट्रेलिया हा आमच्या नानपुऱ्याला काही अगदीच परका मुलूख राहिला नाही. आज माझा एक भाचा मेलबर्नला असतो आणि तेथल्या फुटबॉलचे वर्णन मला फोनवरून ऐकवतो. लांबट चेंडू, लंबवर्तुळाकार मैदान, मैदानावर अठरा गडी आणि बाहेर अदलाबदलीचे राखीव. मौजेची बाब अशी की हा खेळ क्रिकेटवाल्यांच्याच पोटी जन्मला: टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने १८५८ साली एका वृत्तपत्राला पत्र लिहून सुचविले की हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगे जड होऊ नयेत म्हणून एखादे फुटबॉल-मंडळ काढावे, आणि पुढच्याच वर्षी मेलबर्नला त्याचे नियम कागदावर उतरले. सामन्याच्या आधी संघ जाहीर झाला की भाच्याचा शेजारी, एरवी अबोल असलेला एक वृद्ध ऑस्ट्रेलियन, कुंपणाशी येऊन अर्धा तास बोलतो. मागच्या फळीत अमक्याला का घेतले, पुढच्या फळीतून तमक्याला का काढले, आणि तो तमका त्याच्याच गावचा असल्याचे शेवटी ओघात कळते. नानपुऱ्याच्या ओट्यावर त्या वृद्धाला खुशाल जागा मिळाली असती.

ओट्यावर दोन कहाण्या वारंवार निघत आणि दोन्हींचा रोख एकमेकींवर असे. पहिली अण्णांची. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास महाराष्ट्र आणि काठेवाड यांच्या रणजी सामन्यात भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते; ब्रॅडमनच्या ४५२ चा विश्वविक्रम मोडावयास दहा धावा हव्या होत्या; आणि काठेवाडच्या कर्णधाराने, म्हणजे राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडून दिला. एवढ्यावर अण्णा थांबत नसत. त्यांचा खरा आक्षेप ठाकोरसाहेबांवर नव्हताच, कारण मानी संस्थानिकाचा रुसवा त्यांना समजू शकत होता. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी मिळाली नाही, हे त्यांना समजत नव्हते. दुसरी कहाणी शाळामास्तरांची. डिसेंबर १९५९ मध्ये कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी होती, ग्रीन पार्कची खेळपट्टी नव्याने घातलेली होती, आणि निवड समितीचे अध्यक्ष लाला अमरनाथ यांनी अहमदाबादच्या जसुभाई पटेलांना घेण्याचा आग्रह धरला. पटेलांनी पस्तिशी गाठलेली; त्यांचे नाव ओट्यावरच्या एकाही यादीत नव्हते. पहिल्या डावात त्यांनी ६९ धावांत ९ बळी घेतले, सामन्यात १४, आणि भारताने ऑस्ट्रेलियाला प्रथमच हरविले. मास्तर ही कहाणी सांगताना ‘अहमदाबाद’ हा शब्द जरा लांबवीत. सुरतेच्या माणसाला अहमदाबादचे कौतुक करावे लागणे ही केवढी शिक्षा असते, ते गुजरातेत राहिल्यावाचून कळायचे नाही.

त्या काळी रणजी करंडकात गुजरातची बाजू घेणे म्हणजे निव्वळ धर्मादाय काम होते. मुंबईने १९५८–५९ पासून सलग पंधरा वर्षे करंडक कोणाला दिला नाही. मी मराठी, राहणार सुरतेचा. मुंबई जिंकली की शाळेत मुले मला शिवाजीमहाराजांच्या सुरतस्वारीचा वारस ठरवून हिशेब मागत आणि हरण्याचा प्रसंग तर येतच नसे. पण खरी लज्जत १९७१ ला आली. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावरील कर्णधारपदासाठी पतौडी की वाडेकर अशी वेळ आली असता निवड समितीची मते समसमान पडली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत अजित वाडेकरांच्या पारड्यात टाकले. एका गुजराती माणसाने मराठी माणसास सरदारकी दिली. अण्णा आणि मास्तर या दोघांनाही एकाच वेळी हक्क सांगता येईल असा तो निवाडा असल्यामुळे त्या रात्री ओट्यावर भांडण झाले नाही, ही गोष्ट मला आजही अपवादात्मक वाटते. त्याच दौऱ्यासाठी केलेल्या आमच्या बहुतेक याद्यांत दिलीप सरदेसाईंना स्थान नव्हते. वेस्ट इंडीजमध्ये त्यांनी ६४२ धावा केल्या, आणि आपण ती मालिका व त्यानंतरची इंग्लंडची मालिकाही जिंकली.

माझे स्वतःचे वेड मात्र पद्माकर शिवलकर. मुंबईचा हा डावखुरा फिरकी गोलंदाज १९७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेऊन मोकळा झाला होता. तिसऱ्या दिवशी सामना उरला तो एका चेंडूपुरता. त्याच्या नावापुढचा शेरा भरताना मला विशेषणांची गरजच पडत नसे. अण्णांनी त्या आकड्यांना हरकत घेतली नाही. त्यांनी विचारले, “काढतोस कोणाला?” डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदींची होती, आणि बेदींचे नाव खोडण्यास माझी पेन्सिल उचलेना. यादी अकरांचीच असते ही साधी गोष्ट प्रत्येक शौकिनाला ठाऊक असते. तरी तो वादात नेहमी बारावे नाव घेऊन येतो आणि काढावयाच्या नावाविषयी मौन पाळतो. माझे मौन अण्णांनी तेथल्या तेथे पकडले.

कोणाला तरी काढण्याचे ते काम पुढे मला खरोखरच करावे लागले. बँकेतल्या नोकरीतून मोकळा झाल्यावर सुरतेतल्याच लिंबायतच्या एका मराठी मंडळाने, माझ्या तोंडाळ कीर्तीवर विसंबून, टेनिस-चेंडूच्या स्पर्धेसाठी संघ निवडण्याची कामगिरी माझ्यावर सोपविली. लिंबायत, उधना, डिंडोली हा सारा भाग ताप्तीच्या रेल्वेने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडून आलेल्या खानदेशी माणसांनी वसविलेला. पोरे लूमच्या कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या करून नीलगिरी मैदानावर येत. त्यांच्या केसांत आणि भुवयांत सुताची पांढरी भुकटी तशीच असे. एक मुलगा रातपाळी उतरून सरळ सरावाला यायचा. सीमेवरून त्याची फेक थेट यष्ट्यांवर येई. परंतु सामने संध्याकाळी प्रकाशझोतात व्हायचे होते, त्याची पाळी त्याच वेळी सुरू होई, आणि मालक बदली देईल याचा भरवसा नव्हता. मी अण्णांच्या पद्धतीने तीन रकाने आखले आणि त्याच्या नावापुढे लिहिले: ‘पाळीची अडचण, सबब वगळावे.’

यादी मंडळाच्या फळ्यावर लागली तशी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “आप्पा, मन्हं नाव काबर नही?” मी कारण सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “पायीनं मी दखी लिसू, तुम्ही खेय दखा.” पाळीचे त्याचे तो पाहील, मी खेळ पाहावा. निवडीच्या शास्त्रावर इतके अचूक भाष्य मी त्याआधी ओट्यावर किंवा वृत्तपत्रांत वाचले-ऐकले नव्हते. तरीही यादी मी बदलली नाही, कारण त्याच्या जागी घेतलेला मुलगाही लायकच होता आणि फळ्यावर लागलेले नाव पुसणे म्हणजे त्याला आधी निवडून मग वगळणे झाले असते. पण त्या दिवसापासून निवड समितीच्या सभासदांविषयी बोलताना माझा आवाज खाली आला. ओट्यावर बसून यादी करणाऱ्याला वगळलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही. त्याचे सारे स्वातंत्र्य आणि त्याचा सारा उथळपणा एवढ्या एका सवलतीतून आलेला असतो.

उथळपणाचा एक नमुना सुरतेच्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियममध्येच पाहावयास मिळाला. २०१९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेच्या महिलासंघाविरुद्धचे सामने तेथे झाले. शेफाली वर्मा, वय वर्षे पंधरा, पहिल्यांदा भारताकडून खेळावयास आली आणि शून्यावर परतली. माझ्या मागे बसलेल्या एका गृहस्थांनी पोरीला शाळेत परत पाठविण्याचे फर्मान तेथेच काढले. मधले दोन सामने पावसाने धुऊन नेले. नंतर त्याच मैदानावर तिने ४६ धावा ठोकल्या. ते गृहस्थ त्या दिवशी आले होते की नाही याची मी चौकशी केली नाही. आणि २०१७ च्या जानेवारीत इंदूरला पार्थिव पटेलच्या १४३ धावांच्या जोरावर गुजरातने मुंबईला हरवून प्रथमच रणजी करंडक जिंकला तेव्हा मी टाळ्या कोणासाठी वाजविल्या, हे सांगावयाची माझी तयारी आहे: गुजरातसाठी. अण्णा असते तर त्यांनी प्रश्न विचारलाच असता, आणि ३१२ धावांचा पाठलाग करून अंतिम सामना जिंकणारा संघ चांगला म्हणूनच लिहिला, हे उत्तर त्यांना पटले असते.

राहता राहिली शिवलकरांची बाब. ५८९ प्रथमश्रेणी बळी घेऊन ते कसोटीवाचून राहिले, आणि त्यांच्यासाठी भांडणारे मुंबईकर मला आजही भेटतात. त्यांना मी एवढेच विचारतो की बेदी खेळत असता शिवलकरांना घेण्यासाठी तुम्ही काढणार कोणाला? परंतु एकदा जागा रिकामी झाली होती. नोव्हेंबर १९७४ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध बंगळूरच्या कसोटीतून बेदींना शिस्तीच्या कारणावरून वगळण्यात आले आणि हरियाणाच्या राजिंदर गोयलांना पाचारण झाले. हेही डावखुरे फिरकी गोलंदाज, रणजी करंडकात पुढे ६३७ बळींपर्यंत पोहोचलेले. सामन्याच्या दिवशी त्यांचे नाव अकरांत नव्हते, आणि नंतरही कधी आले नाही. तो सामना भारत २६७ धावांनी हरला. गोयल ना मराठी, ना गुजराती, ना सुरतेचे. आमच्या ओट्यावर त्यांच्या बाजूने बोलणारा एकही माणूस नव्हता. बंगळूरच्या त्या कसोटीच्या माझ्या यादीत अकरावे नाव राजिंदर गोयल यांचे आहे, आणि या जागेबाबत मी कोणाशीही वाद घालावयास तयार आहे.