वाक कुठून यावा?

ऊर्ध्व धनुरासन पाहणाऱ्याची नजर कमरेवर जाते आणि करणाराही बहुधा तिथूनच वाकतो. माझ्या मते या आसनात कमरेला सर्वांत कमी काम द्यायला हवं. पाठीचे हलते मणके २४: मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५. छातीचे मणके बरगड्यांनी जखडलेले, शिवाय त्यांची मागची टोकं कौलांसारखी एकमेकांवर झुकलेली. मागे वाकलं की ती लगेच टेकतात. कमरेचे सांधे मात्र पुढेमागे हलण्याच्याच बेताने रचलेले आहेत. खुबा मागे जेमतेम २० अंश जातो, कारण त्याच्या पुढ्यातला अस्थिबंध अतिशय बळकट. छाती आणि खुबा अडले की उरलेला सगळा वाक कमरेच्या तळच्या मणक्यांवर पडतो. जलदगती गोलंदाजांच्या आणि जिम्नॅस्टांच्या पाचव्या कटिमणक्याला बारीक तडा जातो, तो अशाच वारंवारच्या वाकण्यापिळण्याने.

म्हणून तयारी करायची ती जांघांची आणि खांद्यांची. कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा सोआस स्नायू आखडलेला असेल, तर पाय मागे नेताना तो कंबरच पुढे ओढतो. ‘नितंब आवळू नका’ ही वर्गावर्गांत ऐकू येणारी सूचना मला अर्धीच पटते. खुबा मागे नेणारा मोठा स्नायू नितंबाचाच. तो ढिला सोडला तर भार कोणी घ्यायचा? मात्र तो मांडी बाहेरही फिरवतो, तेव्हा पावलं समांतर ठेवून गुडघे फाकू न देण्याचं काम मांडीच्या आतल्या बाजूला द्यावं.

मुळात लवचीक असणाऱ्याला ही पथ्यं कशाला, असं विचारलं जातं. त्यालाच ती जास्त हवीत. ताठर माणसाला त्याचं शरीरच थांबवतं. लवचीक माणूस एकाच सांध्यातून दुमडतो आणि दुखेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

मग उतारवयात पाठ मागे न्यायचीच नाही का? मेयो क्लिनिकच्या १९८४ च्या अभ्यासात हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रियांपैकी पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या ८९ टक्के जणींच्या मणक्यांत नवे अस्थिभंग आढळले. पाठ मागे ताणणाऱ्यांत १६ टक्के. गट लहान होते आणि ते व्यायाम म्हणजे धनुरासन नव्हे. पण मागे वाकण्याची सरसकट भीती त्यातून निराधार ठरते. बी. के. एस. अय्यंगारांच्या पद्धतीतला विपरीत दंडासनाचा बाक इथे उपयोगी पडतो: वाक छातीला मिळतो, वजन बाक घेतो. सरकलेला मणका, काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोही नको. आसनातून उतरताना हनुवटी छातीकडे घेऊन आधी खांदे, मग पाठ, शेवटी कंबर टेकवावी. लगेच पश्चिमोत्तानासनाची घाई करू नये, मध्ये सौम्य पिळाची आसनं घ्यावीत.