खांब घेऊन आलेली माणसं

मरोळ, मे महिना

प्रिय बाय,

तुमच्या स्कॉटलंडातल्या दगडी देवळाचा फोटो मिळाला. खाली तू विचारलंस, "मावशी, आपलं देऊळ कधीचं गं?" दोन दिवस तेच डोक्यात आहे.

आपलं मूळ देऊळ मरोळचं नव्हे, कोंडिविट्याचं. आज ते सीप्झचं निर्यात क्षेत्र आहे ना, त्याच्या आत. सेंट जॉन बाप्तिस्टाचं. जेझुइट पाद्र्यांनी 1579 मध्ये बांधलं. 1737 मध्ये मराठ्यांनी साष्टी बेट घेतलं, मग इंग्रज आले, तरी देऊळ नांदतं होतं. ओस पडलं ते साथीने, 1840 च्या सुमारास. गाव उठून मरोळला आलं. येताना देवळातल्या मूर्ती आणल्या आणि खांबही आणले. खांब, बाय! घरात माणसं दगावत होती आणि यांनी देवळाचे खांब वाहून आणले.

आजीने मला तिथे नेलं तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. सीप्झ 1973 चं. ते आलं होतं की यायचं होतं, आठवत नाही. छप्पर नव्हतंच. भिंतीवरून झाडाची मुळं उतरली होती, जाड, वेणीसारखी गुंतलेली. आजीने लुगड्याच्या ओच्यातून मेणबत्ती काढली. वारा होता, तीनदा विझली. चौथ्यांदा ती मुळाच्या बेचक्यात लावली, दोन्ही तळवे दगडाला टेकले आणि किती तरी वेळ तशीच उभी राहिली. मला भूक लागली होती, मी पदर ओढत होते. आता वाटतं, ओढायला नको होता.

एरवी आत सोडत नाहीत. मेमधल्या एका रविवारी तिथे उघड्यावर मिस्सा असते. पुढच्या वर्षी त्याच सुमारास ये, लेकीला घेऊन. तिला मराठीतून 'आमच्या बापा' येतं का? तू फोनवर तो विषय टाळतेस, ते कळतं मला. तिथे मराठी कुणाशी बोलणार, म्हणतेस. अगं, तुझ्याशी! रात्री निजताना एकदा म्हणून घे तिच्याकडून.

आणि फोन नाताळलाच करायचा असतो असं नाही.

बाटली मसाला कालच कुटून झाला. तुझ्या दोन बाटल्या दाबून भरल्यात, काळ्या काचेच्या. पत्ता पुन्हा नीट लिहून पाठव.

तुझी,
मावशी