शेवटचे दोन अंक

आपल्या वर्गात मुलांची सगळ्यात जास्त तक्रार मराठी आकड्यांबद्दल असते. पालकही विचारतात, "जर्मनीत राहून हे पाठ कशाला?" म्हणून यंदा जर्मनीत सापडलेल्या एका संख्येविषयी लिहिते.

मिखेलफेल्डचे डॉ. मार्टिन नोवाक हे डोळ्यांचे डॉक्टर. मोठ्या मूळ संख्या शोधायचा त्यांना छंद. १९९९ मध्ये एका संगणकावर सुरुवात केली, पुढे चोवीस संगणक कामाला लावले. १८ फेब्रुवारी २००५ रोजी त्यांना ती सापडली. २,५९,६४,९५१ वेळा दोन मांडून सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून एक वजा करायचा, की ही संख्या मिळते. एक आणि ती स्वतः, यांखेरीज तिला कशानेही पूर्ण भाग जात नाही. एवढे ठरवायला संगणकाला पन्नासहून अधिक दिवस लागले. तोवर माहीत असलेली ती सर्वांत मोठी मूळ संख्या होती. त्याच वर्षी डिसेंबरात तिच्याहून मोठी सापडली.

तिच्यात ७८,१६,२३० अंक आहेत. सेकंदाला एक अंक, तोही झोप-जेवण सोडून वाचला, तरी नव्वद दिवस लागतील. पण तिचा शेवट आपण वहीच्या एका पानावर काढू शकतो.

दोनाचे घात लिहा : २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६. शेवटचा अंक २, ४, ८, ६ असाच फिरतो. पुढे लिहीत गेलात तर दिसेल, की ४ पासून पुढे शेवटचे दोन अंकही दर वीस घातांनी परत येतात. २,५९,६४,९५१ ला विसाने भागले की बाकी अकरा. दोनाचा अकरावा घात २०४८. त्याचा शेवट ४८. एक वजा केला की ४७.

आता हे ४७ मोठ्याने म्हणा. जर्मनमध्ये 'झीबन-उंट-फिअरत्सिश' : आधी सात, मग चाळीस. मराठीत सत्तेचाळीस : इथेही आधी सात, मग चाळीस. इंग्रजीत मात्र उलट. म्हणजे जर्मन शाळेत जाणाऱ्या मुलाला ही रीत ओळखीचीच आहे. वादसुद्धा सारखाच. जर्मनीत २००४ साली 'वीस-एक' असे म्हणण्याची मुभा मागणारी संस्था निघाली. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आले आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला.

मला विचाराल तर जुने शब्द राहू द्यावेत. ठाण्याची, अलिबागची किंवा लोदची आजी फोनवर वय सांगते, "सत्त्याऐंशी." नातवाला ते कळले नाही, तर ती पुढच्या वेळी सांगायचेच सोडून देते.

घरचा अभ्यास : २००८ मध्ये कोलोनजवळच्या लांगेनफेल्डमध्ये आणखी एक अशीच मूळ संख्या सापडली. तिच्यात दोनाचा घात ३,७१,५६,६६७ आहे. शेवटचे दोन अंक काढा आणि आजी-आजोबांना फोन करून मराठीत सांगा.