जक्कय, सुपरमॅन आणि टवाळी

'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आमच्या मंडळीच्या तरुण संघाने एकत्र बसून बघावा, असं मी गेल्या आठवड्यात इथे लिहिलं होतं. त्यावर लाइक आले थोडे आणि फोन आले जास्त. त्यातला एक आप्पांचा. आप्पा निवृत्त शिक्षक, जुन्या मिशनच्या वळणात वाढलेले, पवित्र शास्त्र तोंडपाठ. म्हणाले, "हाऊ काय सिनेमा शे का, भाऊ? एफेसकरांस पत्र काढ, पाचवा अध्याय. टवाळी नको असं स्पष्ट लिहिलंय." फोनवर सगळं बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रीमा कागतींचा हा सिनेमा २८ फेब्रुवारी २०२५ ला थिएटरला लागला, नंतर प्राइमवर आला. गोष्ट खरी आहे. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या घरातल्या नासिर शेखने २००० साली यंत्रमागवाल्या दोस्तांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर. क्रेन म्हणून बैलगाडी. पुढे त्याच गँगने सुपरमॅन केला आणि त्या शूटिंगवर फैजा अहमद खानने २००८ मध्ये माहितीपट काढला, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. तो माहितीपट मला नव्या सिनेमापेक्षा जास्त आवडतो, पण ते असो.

मालेगाव कागदावर नाशिक जिल्ह्यात. पण धुळ्याहून आग्रा रोडने निघालं तर तासाभरात पोचतो आपण. इतकं जवळ असून पेपरात मालेगाव कधी येतं? ८ सप्टेंबर २००६, २९ सप्टेंबर २००८. स्फोट, बंदोबस्त, निकाल. आमच्या धंद्यात 'संवेदनशील' हा शब्द मालेगावला आडनावासारखा चिकटलाय. ज्या २००८ साली दुसरा स्फोट झाला, त्याच साली तो माहितीपट आला. शेजाऱ्यावर प्रीती करा हे आम्ही दर रविवारी ऐकतो. पण ज्या शेजाऱ्याच्या घरी विनोद कसला चालतो हेही माहीत नाही, त्याच्यावर प्रीती करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

आता टवाळी. आप्पांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, कारण टवाळी म्हणजे काय ते खान्देशात कुणाला शिकवायला नको. मोबाइल उघडा. 'छोटू दादा'चे व्हिडिओ आपल्या घराघरात चालतात, तेही याच मालेगावच्या मातीतले, व्ह्यूज कोटींच्या घरात. माझी पोरगी बघते, मीही बघतो, आणि कधीकधी पोट धरून हसतो. त्या कलाकाराचं टायमिंग जबरदस्त आहे, त्याने स्वतःच्या हिमतीवर नाव कमावलंय, त्याबद्दल मान आहे. पण बऱ्याच वेळा हसू येतं ते प्रसंगाला नाही, उंचीला येतं. नंतर गल्लीतली पोरं तसल्याच एखाद्या बुटक्या माणसाला 'छोटू दादा' म्हणून हाका मारत मागे लागतात. तो काही नट नसतो. त्याला त्याचे पैसे मिळत नाहीत.

शास्त्रातही अशी एक गोष्ट आहे, २ राजे, दुसरा अध्याय. पोरं अलीशा संदेष्ट्याला टकल्या टकल्या म्हणून चिडवतात आणि रानातून दोन अस्वली येऊन बेचाळीस पोरांना फाडतात. संडे स्कूलमध्ये ही गोष्ट ऐकल्यावर आम्ही महिनाभर कुणाच्या टकलाकडे बघितलं नव्हतं.

पण दुसरी गोष्ट जक्कयाची. बुटका, वर जकातदारांचा मुखिया, म्हणजे गावाला हसायला आणि शिव्या द्यायला एकाच माणसात दोन्ही सोयी. गर्दीत येशू दिसेना म्हणून हा पैसेवाला माणूस पोरासारखा उंबरावर चढला. डोळ्यासमोर आणा जरा. एरंडोलच्या बाजारात एखादा बडा अधिकारी झाडावर चढलाय! यरीहोचे लोक हसले असणारच. येशूने वर बघितलं, त्याला नावाने हाक मारली आणि सांगितलं की आज मुक्काम तुझ्याकडे. प्रसंग विनोदी आहेच. विनोद तसाच ठेवून माणूस तेवढा त्यातून सोडवलाय.

म्हणून मला वाटतं, शब्द स्वच्छ की घाण ही कसोटी पुरत नाही. ज्याच्यावर हसलो त्याचं पुढे काय झालं, हे बघायला हवं. एका पाळकांनी मला सांगितलं होतं की पौलाने टवाळीसाठी जो ग्रीक शब्द वापरलाय, तोच शब्द ॲरिस्टॉटलने हजरजबाबीपणाचा सद्गुण म्हणून वापरलाय. म्हणजे एकच हत्यार, धरणारा हात वेगळा. आणि डोळ्यातलं मुसळ, सुईच्या नाकातून जाणारा उंट, ही काय गंभीर चेहऱ्याने सांगायची चित्रं आहेत? आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत लक्ष्मीबाई टिळक आहेत. धरणगावचे आपले बालकवी ज्यांच्या घरी नगरला राहिले, त्या लक्ष्मीबाई. 'स्मृतिचित्रे'त त्या रेव्हरंड टिळकांवर इतक्या वेळा हसतात, पण टिळक कुठेही लहान होत नाहीत.

सिनेमाकडे परत येतो. यातला शफीक हा हडकुळा यंत्रमाग कामगार, हीरो व्हायचं स्वप्न घेऊन फिरणारा. त्याला कॅन्सर होतो. दोस्त आधी भांडून पांगलेले असतात, ते परत जमतात आणि त्यालाच सुपरमॅन करतात. खऱ्या शफीकच्या सुपरमॅनचा पोशाख माहितीपटात आहे, चड्डीचा नाडा बाहेर लोंबणारा. तोही पुढे कॅन्सरनेच गेला. तो पोशाख बघताना मला दुसरा एक पोशाख आठवला. शिपायांनी येशूला जांभळा झगा घातला, काट्यांचा मुकुट केला, हातात वेत दिला आणि पुढ्यात गुडघे टेकून हसले. दुबळ्या माणसाला राजाचं सोंग देणं ही जगातली सगळ्यात जुनी टवाळी आहे. मालेगावच्या पोरांनीही एका दुबळ्या माणसाला सोंगच दिलं. फक्त त्याला हसण्याखाली घालायला नाही, लोकांच्या डोक्यावर उभं करायला दिलं. थिएटरातले लोक दोन्हीकडे हसतात, आवाजावरून फरक कळणार नाही.

सगळंच गोड आहे असं नाही. पार्लरमध्ये दुसऱ्यांचे सिनेमे कापून-जोडून दाखवणं ही चोरीच. सिनेमा पोलिसांची धाड दाखवतो, पण नासिरकडून त्याचा हिशोब फारसा मागत नाही. पैसे आणि श्रेयावरून लेखक दोस्तावर होतो तो अन्याय मात्र चांगला पकडलाय. आणि बायका? गावातली बाई कॅमेऱ्यासमोर येत नाही म्हणून नटी बाहेरून आणावी लागते, ही खरी गोष्ट सिनेमा हसत हसत ओलांडून जातो. ज्या गावाच्या विनोदात गावातली अर्धी माणसंच नाहीत, त्यावर पोरापोरींनी बोलावं असं मला वाटतं. आमच्या संघात मुली जास्त आहेत, त्या सोडणार नाहीत.

आणि आप्पा, एक गोष्ट तुम्हालाही माहीत आहे. माझा मावसभाऊ. नाताळच्या नाटकात दरवर्षी हेरोद राजा तोच. आईची जांभळी साडी गुंडाळून यायचा, आणि बाळांचा काळ असलेला राजा असून लोक हसून हसून बाकावरून पडायचे. गुटखा सुटला नाही. २०१२ पासून राज्यात बंदी आहे, आणि त्याच्या गल्लीतल्या टपरीवर एक दिवस तुटवडा पडला नाही. तोंडाचं ऑपरेशन झालं, जबडा एका बाजूने गेला. त्या वर्षी नाटक बसवणाऱ्यांनी त्याला काम दिलं नाही. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. लोक हसतील, त्याला वाईट वाटेल, एवढंच. आपण त्याला टवाळीपासून वाचवलं. तो मफलर गुंडाळून शेवटच्या बाकावर बसला होता आणि नव्या हेरोदाची वाक्यं पुटपुटत होता. मी शेजारीच होतो. पुढचा नाताळ त्याने बघितला नाही.

प्रोजेक्टर मिळालाय. शनिवारी संध्याकाळी सातला, संघाच्या खोलीत. लाइट गेली तर रविवारी उपासनेनंतर.