रुपया पडला, पण ढकलला कुणी?

माणूस पडला की लागतं त्याला आणि कळवळतात शेजारी. रुपयाची तऱ्हा उलटी. पडतो तो आणि खरचटतं आपल्याला!

६ जून १९६६ला तो पडला तेव्हा गोष्ट सोपी होती. सरकारनेच डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर नेला. मग चाळीचाळींतून दिल्लीचा यथेच्छ उद्धार झाला. महागाई सोसायची तर शिव्या द्यायला निदान एक पत्ता तरी हवा. तो होता.

पुढे १९९२मध्ये आपण परदेशी गुंतवणूक संस्थांना शेअरबाजाराचं दार उघडलं, १९९३मध्ये रुपयाचा भाव बाजारावर सोपवला, आणि तो पत्ता हरवला.

२०१३चा मे महिना घ्या. अमेरिकेची मध्यवर्ती बँक तेव्हा दरमहा ८५ अब्ज डॉलरचे रोखे विकत घेत होती. तिकडे पैसा मुबलक आणि व्याज जवळजवळ शून्य. साहजिकच तो पैसा जास्त व्याजाच्या वासाने मुंबई, जाकार्ता असा पाहुणचार झोडत हिंडत होता. २२ मेला त्या बँकेचे अध्यक्ष बर्नांकेसाहेब एवढंच म्हणाले, की ही खरेदी पुढेमागे कमी करू. 'करू' हं! केली नव्हती. प्रत्यक्ष कपात सुरू झाली २०१४च्या जानेवारीत.

पण उद्या पाणी येणार नाही, अशी नुसती कुजबुज झाली की सोसायटीत काय होतं? सगळे एकदम नळ सोडतात, बादल्यांपासून चहाच्या पातेल्यांपर्यंत सगळं भरून ठेवतात, आणि टाकी आजच कोरडी पडते! तसंच झालं. पाहुणे घाईने निघाले. जाताना प्रत्येकाला रुपये विकून डॉलर हवे. तेल आणि सोनं आणायला आपल्यालाही तेच डॉलर हवे. मेमध्ये पंचावन्नच्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्टला अडुसष्टच्या वर गेला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात. इथे आगही लागली नव्हती, नुसती काडी दाखवली होती.

त्याच वर्षी आमच्या मेव्हण्याचा मुलगा अमेरिकेला शिकायला निघाला. फी वीस हजार डॉलर. मेच्या हिशोबाने अकरा लाख, ऑगस्टच्या हिशोबाने साडेतेरा. मेव्हण्याने उभ्या जन्मात एक शेअर घेतलेला नाही. म्हातारपणासाठी ठेवलेली मुदतठेव मोडून तो आला आणि शांतपणे म्हणाला, "भाऊजी, हा बर्नांके आपला कोण लागतो हो?"

काय सांगणार? तो कुणीच लागत नाही, हीच तर अडचण आहे. ओळखीचा असता तर भांडता आलं असतं!

नंतर अनिवासी भारतीयांच्या डॉलरठेवी आणून रिझर्व्ह बँकेने रुपया सावरला. तेव्हा पावणेतीनशे अब्ज डॉलरच्या आसपास असलेली परकीय चलनाची गंगाजळी २०२४च्या सप्टेंबरात सातशे अब्जांवर गेली. नळ आपल्या हातात नसला की शहाण्याने पिंप मोठं घ्यावं.

मेव्हणाही शहाणा झाला आहे. अमेरिकन बँकेच्या वर्षाकाठी आठ बैठका होतात. त्यांच्या तारखा तो कालनिर्णयवर लिहून ठेवतो, दुधाच्या खाड्यांशेजारी.