पुढं तर सगळेच घासतात

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगाव सेंटरमध्ये रिक्रूटच्या हातात रायफल यायच्या आधी बूट येतात, आणि बुटांबरोबर येते त्यांची चाकरी. मी भरती झालो तेव्हा स्टोअरमधून डी.एम.एस. बूट मिळाले. खाली वरच्या चामड्यालाच ओतून बसवलेला रबरी तळ, वर जाड काळं चामडं आणि त्यावर बारीक दाणे. साताऱ्याकडच्या आमच्या गावात चपलेवर वाढलेलो. घोट्याच्या वर येणारं काही पायात घालायची ती पहिलीच वेळ. टाचा सोलून निघाल्या. पण उस्तादांना आमच्या टाचांपेक्षा बुटांच्या टाचांची काळजी जास्त, असं तेव्हा वाटायचं.

रात्री जेवण झालं की बॅरेकमध्ये खाटांच्या मधल्या जागेत सगळे मांडी घालून बसायचे. क्रम ठरलेला. आधी लेस काढायची, कारण लेसखालच्या जिभेवर बसलेली धूळ घामात भिजते आणि चामडं खाते. ओलसर फडक्यानं माती पुसायची, बूट वाळू द्यायचा. मग पॉलिशचा पातळ हात देऊन दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवायचा आणि ब्रशनं घासायचा. आमचे उस्ताद हवालदार होते, कोल्हापूरकडचे. कुणी डबीतून बोटभर पॉलिश उचललं की म्हणायचे, "अरे, भिंतीला शेण थापतोयस का?"

शाइन त्याच्या पुढची. जुन्या बनियनचा तुकडा दोन बोटांवर ताणून मागं घट्ट पीळ द्यायचा. फडक्यावर एक सुरकुती राहिली तरी तिची रेघ बुटावर उमटते. नखावर मावेल एवढं पॉलिश, वर गार पाण्याचा थेंब, आणि लहान लहान वर्तुळं. सुरुवातीला बूट आधीपेक्षा धुरकट होतो. नवा पोरगा इथं घाबरून आणखी पॉलिश लावतो आणि मग रात्रभर घासलं तरी तो धूर हटत नाही. दाब न देता बोट फिरवत राहिलं की धुरकटपणा कडेनं विरत जातो आणि कधीतरी छताचा बल्ब टोकावर स्पष्ट दिसायला लागतो.

यामागची गंमत पुढं कळली. पॉलिशमध्ये मेण असतं आणि त्याला मऊ ठेवणारं, टर्पेंटाइनच्या जातीचं द्रावण. द्रावण उडून जातं, मेण मागं राहतं आणि दाण्यांमधल्या खळग्यांत थरावर थर बसतं. पृष्ठभाग सपाट झाला की त्यावर पडलेला उजेड विखरत नाही, सरळ परत येतो. गार पाण्यानं मेण कडक होतं आणि फडक्याला चिकटत नाही. थुंकी लावणारेही होते. तिचं काम पाण्याचंच. काही बहाद्दर मेणबत्तीवर चमचा तापवून दाणे दाबायचे. काम झटक्यात व्हायचं, पण चामडं भाजून निघायचं. उस्तादांनी पकडलं की रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत. रायफल साफ करायची चिंधी बुटाला लावली तरी रगडा.

टर्नआउट बघायला सुभेदारसाहेब यायचे ते रांगेच्या मागून. टाच, तळाची कड, लेस सैल करायला लावून जीभ. एकदा एकाचं टोक आरशागत होतं आणि टाचेवर सुकलेला चिखल. साहेब एवढंच म्हणाले, "पुढं तर सगळेच घासतात."

बेळगावचा पावसाळा ही बुटांची खरी परीक्षा. ग्राउंडवर लाल चिखल, बॅरेकमध्ये दमट हवा. ओले बूट रात्रीतून वाळायचे नाहीत. आत 'तरुण भारत'चे जुने अंक कोंबायचे, कागद भिजला की बदलायचा. दोन दिवस खाटेखाली विसरलेला बूट पांढऱ्या बुरशीनं माखायचा. ती पॉलिशखाली झाकली तर पुन्हा उगवते. म्हणून बाहेर नेऊन कोरड्या फडक्यानं झाडायची आणि बूट सावलीत वाऱ्याला ठेवायचा.

पुढं पलटणीबरोबर जम्मू-काश्मीरच्या डोंगरांत गेलो आणि शाइनचा विषय मिटला. गस्तीवर चकाकणारं टोक कुणाला हवंय? तिथं बुटाचं दुसरंच शिक्षण झालं आणि ते दिलं पलटणीच्या ई.बी.आर.नं. इक्विपमेंट अँड बूट रिपेअरर हा त्यांचा ट्रेड, म्हणजे आमचे मोची. वयानं मोठे, म्हणून सगळे त्यांना मामा म्हणायचे. एका जवानानं बर्फात भिजलेले बूट रात्री बुखारीला, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीला, लावून ठेवले. सकाळी ते कडक झालेले, बोटांमागं दुमडतो तिथं चामड्याला चीर आणि एका बाजूनं तळ सुटलेला. मामांनी बूट हातात फिरवला.

"कातडंच आहे रे हे. तुझा पाय ठेवशील का असा बुखारीला रातभर?"

मग त्यांनी आमच्यासमोर अंगठा त्या दुमडीवरून फिरवला. शाइनचं कडक मेण टोकाला आणि टाचेला चालतं, कारण तिथं आत ताठ अस्तर असतं, चामडं वाकत नाही. दुमडीवर तोच थर चढवला की पाऊल टाकताक्षणी तडकतो. तिथं डबिनसारखं मऊ काहीतरी, तेही बोटानं जिरवून. शिवणींत डबिन भरायचं, कारण पाणी आधी सुईच्या भोकातून शिरतं. शेवटी आत हात घालून तळ चाचपायचा. आत उचललेली एखादी कड तासाभराच्या चालीत फोड आणते.

लांबच्या चालीनंतर आमचे कंपनी कमांडर जवानांना बूट-मोजे काढायला लावून स्वतः वाकून पाय बघायचे. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलपाण्यात हजारो सैनिकांचे पाय सडले, त्यावरूनच 'ट्रेंच फूट' हे नाव पडलं. पायदळानं ती धास्ती अजून सोडलेली नाही. बेळगावात आमच्या टाचांकडे दुर्लक्ष होतंय असं वाटायचं, त्याचा उलगडा मला त्या डोंगरात झाला. बुटाची रोज उलटापालट करायची सवय लागली की पाय आपोआप सांभाळले जातात. शाइन हे त्या सवयीला लावलेलं आमिष.

निवृत्तीनंतर आता गावातली भरतीची तयारी करणारी पोरं येतात. "काका, ती आरशागत शाइन शिकवा ना." मी बूट मागून घेतो, लेस काढायला सांगतो आणि आत हात घालायला लावतो. पोरं तोंड वाकडं करतात. पॉलिशची डबी मी तोवर खिशातच ठेवतो.